मुक्या जिवाची शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांवरचा विश्वास

"डॉक्टर, भुलीतनं उठंल न्हवं?"

पलूससारख्या गावात तीस वर्षे दवाखाना चालवताना हा प्रश्न किती वेळा ऐकला, याची मोजदाद नाही. कुणाची आई मिरजेला पिशवीच्या ऑपरेशनसाठी निघालेली असते, कुणाच्या पोराचे अपेंडिक्स काढायचे असते. मी खांद्यावर हात ठेवून सांगतो, "काही काळजी करू नका." गेल्या वर्षी मात्र हाच प्रश्न घेऊन मी स्वतः दुसऱ्या डॉक्टरांसमोर उभा होतो, आणि माझ्या हातात होती साडेपाच किलोंची चिंगी.

चिंगी ही आमची कुत्री. पांढरी, केसाळ, टोकदार नाकाची. आपल्याकडे या जातीला सरसकट 'पामेरियन' म्हणतात, जाणकार तिला इंडियन स्पिट्झ म्हणतात. हे सदर माणसांच्या आरोग्याचे आहे, याची मला कल्पना आहे. पण आजकाल गावोगावी घरात छोटी कुत्री आली आहेत आणि त्यांचे मालक संकोचत का होईना, माझ्यासारख्यालाच विचारतात, "डॉक्टर, हिचं ऑपरेशन करावं का?" म्हणून आज हा अनुभव.

नसबंदीचा विचार का आला?

दीड वर्षाची असताना चिंगी माजावर आली. आमचे दुर्लक्ष झाले, फाटक उघडे राहिले आणि त्रेसष्ट दिवसांनी घरात चार पिल्ले झाली. घरात आनंदीआनंद. पण पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर ती द्यायची कुणाला? दोन पाहुण्यांनी नेली. तिसरे एकाने नेले आणि आठवड्यात परत आणून सोडले. चौथे ऊसतोडीच्या हंगामात दारासमोरच ट्रॅक्टरखाली सापडले. तो दिवस आमची मुले अजून विसरलेली नाहीत.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतील एक नऊ वर्षांची कुत्री दगावली. माज येऊन महिना-दीड महिना झाला होता. ती खाईना, पाणी मात्र भांडेच्या भांडे पिऊ लागली. मग मागून घाण स्राव दिसू लागला. गर्भपिशवीत पू झाला होता आणि तो कळेपर्यंत उशीर झाला. हा आजार दुर्मीळ नाही. स्वीडनमध्ये पूर्वी कुत्र्यांची नसबंदी फारशी होत नसे. तेथील विमा कंपनीच्या नोंदी २००१ साली प्रसिद्ध झाल्या. वयाच्या दहा वर्षांपर्यंत साधारण चार कुत्र्यांमागे एकीला हा आजार झाल्याचे त्यात आढळले. पिशवी काढलेली असेल तर हा धोका जवळजवळ उरतच नाही. स्तनांच्या गाठींचे प्रमाणही लवकर नसबंदी केल्याने कमी होते असे मानतात. पूर्वी हे फार ठामपणे सांगितले जाई, २०१२ साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाल्यापासून तज्ज्ञ थोडे जपून बोलतात.

मी आईला सांगितले. वय पंच्याऐंशी, सारा जन्म शेतात गेलेला. ती म्हणाली, "अरं, त्या मुक्या जित्राबाला कशाला चिरतोस? तिनं तुझं काय घोडं मारलंय? पाप लागंल."

मी म्हणालो, "आई, खोंड खच्ची करताना कधी पाप लागलं नाही, ते?"

"त्यो बैल हाय. ही लेकरू हाय," आई म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

खोंडाचा चिमटा आणि कुत्रीचे पोट

आमचा मुलूख शेतीचा आणि म्हशींचा. भिलवडीला १९३९ साली चितळ्यांची डेअरी सुरू झाली, तेव्हापासून या भागात दुधाचा धंदा वाढतच गेला. त्यामुळे आपल्याकडे जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा डॉक्टर. म्हैस अडली, गाय फुगली, तर रात्री-अपरात्री धावून येणारी ही माणसे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण म्हशीच्या डॉक्टरांचा हात साडेपाच किलोंच्या कुत्रीवर बसलेला असेलच असे नाही.

खच्चीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खोंड येतो. कातडी न कापता चिमट्याने आतल्या शिरा दाबायच्या, काम पाच मिनिटांचे. कुत्र्याचे, म्हणजे नराचे, ऑपरेशनही तुलनेने सोपे. वृषण बाहेरच असतात, भूल देऊन ते काढतात. (छोट्या जातींत कधीकधी एक वृषण पोटातच राहतो. पुढे त्यात गाठ होण्याची भीती असते, म्हणून तो शोधून काढावाच लागतो.) कुत्रीचे मात्र पोट उघडावे लागते. दोन्ही बीजकोष आणि बहुधा गर्भपिशवीही काढतात. माणसांत ज्याला मोठे ऑपरेशन म्हणतो, तेच हे. फक्त रोगी मांजराएवढा.

येथे कायद्यातील एक गोष्ट माहीत असावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार परिषदेकडे नोंदणी असलेला पदवीधरच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करू शकतो. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य शासनाच्या परवानगीने आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली 'किरकोळ सेवा' देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी कामे त्यात येतात. पूर्ण भूल देऊन कुत्रीचे पोट उघडणे हे किरकोळ काम नव्हे. गावात आपण सर्वांनाच 'डॉक्टर' म्हणतो, म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही अपमान नाही.

पहिला दवाखाना

प्रथम मी जेथे गेलो, तेथे टेबलावर नेऊन चिंगीकडे एक नजर टाकण्यात आली. "किरकोळ काम आहे. उद्या सकाळी आणा, दुपारी घेऊन जा." वजन केले नाही, रक्त तपासले नाही, शेवटचा माज कधी झाला हे विचारले नाही. खर्चही कमी सांगितला. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. चिंता असलेल्या माणसाला 'किरकोळ' हा शब्द फार गोड लागतो. मी स्वतः तो शब्द रोग्यांपुढे किती सहज वापरत आलो, हे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले, आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.

नकार देणारे डॉक्टर

एका परिचिताने सांगलीतील एका तरुण पशुवैद्यकाचे नाव सुचवले. त्यांनी आधी चिंगीला काट्यावर उभे केले. मग तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, छाती ऐकली, पोट चाचपले. माज संपून किती दिवस झाले, लसी कोणत्या झाल्या, जंताचे औषध कधी दिले, हे सारे लिहून घेतले. शेवटी कानामागचे केस बाजूला करून दाखवले. "सर, हे बघा, गोचीड."

रक्ताचा अहवाल आला. प्लेटलेट्स ७२ हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचिडापासून होणारा ताप आपल्या भागात कुत्र्यांना सर्रास होतो. बाहेरून कुत्री खेळती दिसते, आत रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा वेळी पोट उघडले तर रक्तस्राव आवरणे कठीण.

"सर, आज मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "आधी हिचा ताप बरा करू. महिन्याने पाहू."

मी एवढ्या लांब आलो होतो, दवाखाना बंद ठेवून. क्षणभर राग आला. पण गाडीत बसल्यावर लक्षात आले, की आता मला या माणसाची भीती वाटत नाही. हाती आलेले काम आणि पैसे बाजूला ठेवून तो 'नाही' म्हणाला होता. त्याच्यावर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

या 'नाही'ची किंमत आकड्यांतही मांडता येते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांची पाहणी झाली. निरोगी कुत्र्यांत भुलीमुळे दगावण्याचे प्रमाण दोन हजारांत एक इतके होते. आजारी कुत्र्यांत ते पंचाहत्तरांत एक निघाले. पाच किलोंच्या आतल्या छोट्या कुत्र्यांना धोका अधिक होता. आणखी एक गोष्ट दिसली, की दगावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी कुत्री ऑपरेशन संपल्यानंतरच्या काही तासांत गेली. आपल्याकडील सोयी वेगळ्या, म्हणून हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण आधी तपासणी आणि नंतर देखरेख, हा त्यांतला धडा सगळीकडे सारखाच.

ऑपरेशनचा दिवस

चार आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालल्या. गोचिडांचे औषध झाले, अंगणातल्या फटीही साफ केल्या. पुन्हा रक्त तपासले, प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार. मग तारीख ठरली. रात्रीपासून खाणे बंद, पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत. (अगदी लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांच्या रक्तातील साखर उतरते. म्हणून शेजाऱ्याचे ऐकू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

संमतीचा कागद पुढे आला. असे कागद मी रोग्यांच्या नातेवाइकांपुढे शेकडो वेळा सरकवले असतील. त्या दिवशी पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि सही करताना हात थोडा थांबला. डॉक्टर म्हणाले, "धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, सर. कमी करता येईल तेवढा केला आहे."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत चिंगीच्या अंगाखाली टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या, कारण छोटे शरीर भुलीत फार लवकर गार पडते. एक सहायक केवळ तिचा श्वास आणि नाडी पाहत होता. पाऊण तासाने दार उघडले. तरीही तिला लगेच घरी सोडले नाही. मान उचलून, चार पावले चालून दाखवेपर्यंत तेथेच ठेवले.

रात्री घरी आणली तेव्हा ती थरथरत होती. आई काठी टेकत आली, जवळ बसली आणि आपल्या जुन्या लुगड्याची घडी तिच्यावर टाकली. "उठली गं माझी बाय," एवढेच म्हणाली. पापाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

घरी काय काळजी घ्यावी?

दहा-बारा दिवस गळ्याभोवती नरसाळ्यासारखी कॉलर ठेवावी, नाहीतर कुत्री टाके चाटून तोडते. आंघोळ नको, उड्या नकोत. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नये. जखम सुजली, ओली दिसली, कुत्री दुसऱ्या दिवशीही खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर लगेच न्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात, पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. माझे कपाट औषधांनी भरलेले आहे. तरी एकही गोळी मी माझ्या बुद्धीने दिली नाही.

काही गैरसमज

'एक वेत होऊ द्यावे, मग करावे.' आरोग्यासाठी याची काही गरज नाही. 'कुत्री सुस्त होते, घर राखत नाही.' चिंगी पोस्टमनवर पूर्वीइतकीच भुंकते. 'जाड होते.' यात तथ्य आहे. नसबंदीनंतर अन्नाची गरज कमी होते आणि भूक वाढते, म्हणून खाणे थोडे कमी करून फिरवणे चालू ठेवावे. नर कुत्रा ऑपरेशननंतर काही आठवडे पिल्ले देऊ शकतो, तोवर त्याला मोकळा सोडू नये.

डॉक्टरांना काय विचारावे?

आपली पदवी आणि नोंदणी कोणती? अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का? आधी रक्त तपासणार का? भुलीत असताना तिच्याकडे कोण पाहणार? वेदनेसाठी काय देणार? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? इतके प्रश्न पुरेत. जवळपास सोय नसेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी. ज्या क्रांतिसिंहांच्या नावाने ते उभे आहे, ते याच आपल्या कृष्णाकाठचे, यडेमच्छिंद्रचे.

प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही, हे मी आता दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. गेल्या आठवड्यात एक बाई सासूच्या ऑपरेशनचे कागद घेऊन आल्या आणि बिचकत म्हणाल्या, "डॉक्टर, किरकोळच हाय न्हवं?" मी त्यांना खुर्ची दिली, कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून समजावून सांगू लागलो.