दारं वाढवली, पण माणूस कोणत्या दाराने गेला?

काही वर्षांपूर्वी मी वार्ताहरांच्या एका छोट्या गटाचा सर्व्हर सांभाळत होतो. सात-आठ माणसं, एकच खोली, आणि सगळ्यांची नाजूक शोधाशोध टोरमधून, म्हणजे माणसाची ओळख झाकणाऱ्या जाळ्यातून. दुपारी सगळे एकदम बसले की टोर अक्षरशः रांगायचं. टोरचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे मशीन दणकट असूनही उपयोग नव्हता. मग मी नेहमीचा उपाय केला. एकाऐवजी पाच टोर चालू केले आणि त्यांच्यापुढे एचएप्रॉक्सी बसवला.

एचएप्रॉक्सी हा विली तारो या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिहिलेला भार वाटून देणारा प्रोग्रॅम. मोठमोठ्या वेबसाइटांच्या दारात तो उभा असतो आणि येणारी प्रत्येक जोडणी मागच्या कुठल्या तरी सर्व्हरकडे पाठवतो. मांडणी सोपी होती. टोरचे पोर्ट 9050, 9052, 9054 असे वाढवत नेले, प्रत्येकाला स्वतंत्र डेटा डिरेक्टरी दिली, आणि एचएप्रॉक्सीत ‘बॅलन्स राउंडरॉबिन’ लिहिलं, म्हणजे पाळीपाळीने एकेकाकडे. वेग लगेच सुधारला.

दुसऱ्या दिवशी गटातल्या एक ताई म्हणाल्या, “अहो, मेल उघडला की मला लगेच बाहेर काढतंय.” मेलवाल्यांचं बरोबरच होतं. ताईंच्या एका पानासाठी दहा-बारा जोडण्या लागत आणि त्या पाच टोरमधून, पाच वेगळ्या ठिकाणांहून बाहेर पडत. समोरच्याला वाटणार की खातं कुणीतरी पळवलं.

हा त्रास निदान डोळ्यांना दिसला. त्याच मांडणीत न दिसणारे, पण जास्त गंभीर दोष होते.

टोरचं मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात झालेल्या कामात आहे. टोरचं जाळं 2002 पासून चालू आहे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक कुलपं घालून माहिती तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जाते. पहिल्या रिलेला, म्हणजे गार्डला, तुम्ही कोण हे कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्या, म्हणजे एक्झिटला, कुठे चाललात ते कळतं, कोण ते नाही. गार्ड आणि एक्झिट दोन्ही एकाच वाईट माणसाच्या हाती पडले, तर वेळा जुळवून तो दोन टोकं जोडू शकतो. म्हणून टोर एकदा निवडलेला गार्ड काही महिने बदलत नाही. मी पाच डेटा डिरेक्टऱ्या केल्या, म्हणजे पाच गार्ड निवडले गेले, आणि प्रत्येक वार्ताहराची ये-जा त्या पाचांच्याही डोळ्यांसमोरून होऊ लागली. वाईट गार्ड भेटण्याची शक्यता मी माझ्याच हाताने वाढवली होती.

दुसरा दोष उलट्या बाजूचा. वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेल्या माणसांना टोर आपणहून वेगळी सर्किटं, म्हणजे रिलेंच्या वेगळ्या साखळ्या, देतं. पण मध्ये एचएप्रॉक्सी आला की टोरला सगळे एकाच पत्त्यावरून, 127.0.0.1 वरून, आलेले दिसतात. मग दोन वार्ताहरांचं काम एकाच सर्किटातून जाऊ शकतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच जागेहून आल्या हे एक्झिटला कळतं.

भार वाटणाऱ्याला प्रत्येक जोडणी सारखीच, हेच त्याचं बळ. निनावीपणाला मात्र जोडण्यांमागची माणसं ओळखून वागावं लागतं. एका माणसाचे धागे एकत्र राहावेत, दोघांचे एकमेकांत गुंतू नयेत. मांडणीची प्रत्येक ओळ याच कसोटीवर घासायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ‘राउंडरॉबिन’ऐवजी ‘बॅलन्स सोर्स’. त्याने एका पत्त्यावरचा माणूस कायम एकाच टोरकडे जातो. सोबत ‘हॅश-टाइप कन्सिस्टंट’ही द्यावं, नाहीतर एखादा टोर बंद पडताच बाकीच्यांचीही वाटणी विस्कटते. एचएप्रॉक्सीचा मोड टीसीपीच हवा, म्हणजे तो जोडणीत डोकावत नाही. एचटीटीपी मोड टोरच्या पोर्टशी थेट चालत नाही; मध्ये एचटीटीपी प्रॉक्सी घालून तो वापरलाच, तर ‘ऑप्शन फॉरवर्डफॉर’ची सवयीने लिहिलेली एक ओळ मूळ माणसाचा पत्ता विनंतीच्या हेडरमध्ये घालते, आणि साध्या, कुलूप नसलेल्या पानांसाठी तो थेट पलीकडच्या वेबसाइटपर्यंत पोचू शकतो. इतर सर्व्हरवर हीच ओळ उपयोगी असते, म्हणून ती नकळत उतरवली जाते. एचएप्रॉक्सीचा लॉगही बंद ठेवावा. कोण कोणत्या क्षणी जोडलं गेलं याची वही आपणच लिहून ठेवायची, तर एवढी खटपट कशासाठी?

मागचा टोर चालू आहे का हे बघणाऱ्या एचएप्रॉक्सीच्या तब्येत-तपासणीवरही विसंबू नये. साधी तपासणी फक्त पोर्ट उघडा आहे का एवढंच बघते. टोर तो पोर्ट जाळ्याशी पुरतं जोडलं जाण्याआधीच उघडतं. त्यामुळे एचएप्रॉक्सीच्या लेखी ठणठणीत असलेल्या टोरमागे कधीकधी रस्ताच नसतो, आणि माणूस रिकाम्या पानासमोर बसून राहतो.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मला उशिरा सापडली. सॉक्स या प्रॉक्सीच्या भाषेने टोरशी जोडताना युजरनेम आणि पासवर्ड देता येतो, आणि तो वेगळा असला की टोर सर्किट वेगळं करतं. टोर ब्राउझर प्रत्येक वेबसाइटसाठी हीच युक्ती वापरतो. टीसीपी मोडमध्ये एचएप्रॉक्सी हे नाव जसंच्या तसं पुढे जाऊ देतो. म्हणजे माणसामाणसांत भिंत घालायला आणखी टोर लागतच नाहीत, एका टोरमध्ये, एकाच गार्डवर ते काम होतं. ते नाव मात्र खऱ्या नावाशी जुळणारं नको.

मी तीन टोर बंद केले. उरलेले दोन सात-आठ जणांना पुरले. प्रत्येकाच्या मशीनवर सॉक्सच्या खान्यात वेगळा, अर्थहीन शब्द घातला. ताईंचा मेल त्या दिवसानंतर बाहेर काढेनासा झाला.