पोटातला पाहुणा आणि तांबडं सोनं

सोनं कोणत्या रंगाचं असतं, बाळांनो? पिवळं म्हणालात ना? आता तांबड्या सोन्याची गोष्ट ऐका.

लंडनमध्ये मायकेल फॅरेडे नावाचा शास्त्रज्ञ होता. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधता बांधता वाचायला लागला आणि विज्ञानात शिरला. सोन्याच्या पातळ वर्खातून प्रकाश कसा जातो, हे पाहण्याचा त्याला नाद लागला होता. वर्खाच्या धुवणाचं पाणी त्याला लालसर दिसलं. दुसऱ्यानं ते मोरीत ओतलं असतं. यानं ओळखलं, की डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण त्यात तरंगताहेत आणि ती लाली त्यांचीच आहे. १८५७ साली त्यानं हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्याच्या काही बाटल्या अजून लंडनला जपून ठेवल्यात, आणि त्यातलं पाणी अजून लाल आहे!

सोन्याचा कण वीस-चाळीस नॅनोमीटरचा झाला, की प्रकाश पडताच त्यातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात. त्या डोलण्यात हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल उरतो. असे हजारावर कण आपल्या केसाच्या जाडीत ओळीनं बसतील.

“पण आजोबा, पाहुणा कुठाय?”

तो पोटात! हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं डॉक्टर मानत. हा मात्र स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लाची धार बोथट करतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्याला हुडकलं. अल्सर या जंतूमुळे होतो हे कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल हे जंतू स्वतःच प्याला आणि जठराला सूज आणून बसला. अल्सरचं मोठं कारण हा जंतू आहे, हे पटलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता या जंतूला पकडायला ते तांबडं सोनं येतं. हसू नका, तपासायची असते शी! सोन्याच्या कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. शेतातून येताना कुसळं धोतराला चिकटतात, तांब्याला नाही. तशी ही प्रतिपिंडं फक्त याच जंतूच्या अंशाला चिकटतात. शी द्रावात कालवून थेंब तपासणीच्या कागदी पट्टीवर टाकला, की जंतूचा अंश आणि सोनं जोडीनं कागदातून पुढे सरकतात. वाटेत एका रेषेवर आणखी प्रतिपिंडं दबा धरून असतात. ती जोडीला अडवतात. एकटा कण कुणाला दिसत नाही, पण असंख्य कण तिथं अडकले की तांबडी रेघ उमटते. पलीकडची दुसरी रेघ पट्टी धड आहे एवढंच सांगते. ती उमटली नाही, तर पट्टी फेकायची.

आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या किंवा अँटिबायोटिक चालू असेल, तर जंतू कमी होतात आणि असूनही सापडत नाहीत. म्हणून तपासणीआधी चालू औषधं डॉक्टरांना सांगायची. पट्टीवर रेघ नाही म्हणजे पाहुणा गेलाच, असं समजू नका.