चार्लीचा लळा कसा लागतो



आज हप्ता, रजिस्टर, बँकेची केवायसी यातलं काहीच बोलणार नाही. आज चार्ली चॅप्लिनबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या चाहत्यांबद्दल. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी चित्र तुम्ही पाहिलेलं असणार. टिचभर मिशी, गोल काळी टोपी, हातात वेताची काठी, पाय फाकवून चालणं. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादं पोरगं तरी काजळाची मिशी काढून तसं चालतंच.

हा माणूस इंग्लंडमध्ये जन्मला, अमेरिकेत मोठा झाला आणि १९७७ साली नाताळच्या दिवशी वारला. त्याचे गाजलेले बहुतेक सिनेमे मुके आहेत, त्यात तो एक शब्द बोलत नाही. तरी जगभर अशी माणसं आहेत, की ज्यांनी त्याला एकदा पाहिलं आणि मग जन्मभर सोडलं नाही. असं का होतं, हा प्रश्न मला आमच्या एका गटाच्या बैठकीत पडला.

त्या दिवशी पावसाची रिपरिप होती. बँकसखीला यायला उशीर होणार होता. हप्ते गोळा झाले होते, बायका कंटाळल्या होत्या. माझ्या टॅबमध्ये 'द किड' हा चार्लीचा सिनेमा होता. मी बीएला असताना आमच्या एका बाईंनी तो वर्गात दाखवला होता, तेव्हापासून मी तो जवळ ठेवलेला. तासाभराचा आहे. म्हटलं, बघा तोवर.

सिनेमा १९२१ सालचा. गोष्ट अगदी साधी. एक बिनलग्नाची आई आपलं तान्हं बाळ श्रीमंताच्या मोटारीत ठेवून जाते. मोटार चोरीला जाते आणि चोर बाळाला गल्लीत कचऱ्यापाशी टाकून देतात. फाटक्या कोटातला चार्ली तिथून चाललेला असतो. तो आधी ते बाळ दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतो, जमत नाही, मग घरी आणतो. आणि घरी काय करतो? फडक्याची झोळी बांधतो. चहाच्या किटलीला बोंडलं लावून ती दोरीने वर टांगतो, म्हणजे बाळ झोळीत पडल्या पडल्या दूध पिईल. खुर्चीच्या बैठकीला मधोमध भोक पाडून खाली पिकदाणी ठेवतो, पोराच्या शी-शूची सोय म्हणून. इथे आमच्या बायका अशा हसल्या की शेजारची अंगणवाडीताई काय झालं बघायला आली. झोळी काय असते हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

लळ्याची सुरुवात इथे होते. मुक्या सिनेमाला भाषा आड येत नाही. मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, पण त्या वाचल्या नाहीत तरी काही अडत नाही. आमच्या त्या बैठकीतल्या निम्म्या बायका सही करण्यापुरतंच लिहितात. एरवी कुठलाही सिनेमा, मालिका, मोबाईलवरचा व्हिडिओ बघताना त्यांना कुणाला तरी विचारावं लागतं, "काय म्हणला गं?" चार्लीच्या पुढे बसल्यावर बीए झालेली मी आणि अंगठा लावणारी आजी एकाच ओळीत बसतो. १९१४-१५ च्या काळात अमेरिकेत परदेशातून आलेले, इंग्रजी न येणारे लाखो मजूर होते. त्यांना तो इतका चटकन आपला वाटला, त्याचं एक कारण हेच.

पण नुसत्या हसण्याने कुणी जन्मभराचा चाहता होत नाही. हसू आलं तसं जातं. चार्लीच्या बाबतीत हे एकदा घडूनही गेलं आहे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत त्याचं असं वेड पसरलं, की त्याच्या बाहुल्या निघाल्या, गाणी निघाली, गावोगाव त्याची नक्कल करायच्या स्पर्धा भरल्या. १९१४ मध्ये त्याला आठवड्याला १५० डॉलर पगार होता, तो १९१६ मध्ये आठवड्याला १०,००० डॉलर झाला. ती लाट होती. बाहुल्या विकणाऱ्यांनी पुढे दुसऱ्या कुणाच्या बाहुल्या विकल्या. त्या लाटेनंतरही जे त्याच्याजवळ राहिले, त्यांना हसण्यापलीकडचं काहीतरी सापडलं होतं.

आमच्या बैठकीत ते माझ्या डोळ्यासमोर झालं. 'द किड'मध्ये पोरगं पाचेक वर्षांचं होतं आणि आजारी पडतं. डॉक्टर येतो, त्याला कळतं की चार्ली काही खरा बाप नव्हे. मग अनाथाश्रमाचे लोक गाडी घेऊन येतात आणि पोराला उचलून मागच्या बाजूला टाकतात. ते पोरगं दोन्ही हात जोडून, पसरून रडतं. चार्ली घरांच्या छपरांवरून पळत सुटतो, वरून त्या गाडीत उडी टाकतो आणि पोराला छातीशी धरतो.

खोलीत कुणी बोलेना. आमच्या एक मावशी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. चौदा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "तिथं पोरगं गाडीत हाय. माझं उलटं हुतं. गाडीत मी हुते, पोरगं रस्त्यावर."

मुकादमाची उचल घेतलेली, टोळी निघालेली, चार वर्षांचं पोर सासूजवळ ठेवलेलं. ट्रक सुटल्यावर ते फाट्यापर्यंत मागे पळत आलं होतं. हे त्या गटात आठ वर्षं असूनही कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "त्येवढा छपरावरचा परत लाव."

दुसऱ्यांदा लावायला सांगतो, तो चाहता. ज्या दुःखाला आपल्याकडे शब्द नव्हते ते पडद्यावर दिसतं, तेही हसत हसत, लाज न वाटता. मग माणूस तिथे पुन्हा पुन्हा जातो, जसं माहेरी जातो.

चाहत्याची पुढची पायरी म्हणजे त्या माणसाची चौकशी. आपण नाही का, एखादी नवी बाई गटात आली आणि आवडली की विचारतो, माहेर कुठलं, भावंडं किती? चार्लीची चौकशी केली की तो सिनेमा वेगळाच दिसायला लागतो. तो १६ एप्रिल १८८९ चा. आई हॅना नाटकमंडळीत गायची, तिचा आवाज गेला आणि काम सुटलं. बाप दारूत बुडालेला, तो चाळिशी गाठायच्या आत गेला. शिवणकाम करून आई दोन पोरांना जगवत होती. ते जमेना तेव्हा, १८९६ मध्ये, चार्ली सात वर्षांचा असताना तिघं लंडनच्या गरीबखान्यात दाखल झाली. तिथला नियम असा की आत गेल्यावर आई बायकांच्या बाजूला आणि पोरं पोरांच्या बाजूला. मायलेकरांची ताटातूट दारातच.

एकदा त्या माउलीने युक्ती केली. तिने स्वतःचं आणि पोरांचं नाव कमी करून घेतलं. तिघं बाहेर पडली, बागेत गेली. थोरल्या सिडनीजवळ नऊ पेन्स होते, त्यातून काळ्या चेरी आणल्या. दिवसभर एकत्र बसली, खेळली, आणि संध्याकाळी परत जाऊन पुन्हा दाखल झाली. कारकुनाला सगळे कागद नव्याने करावे लागले. चार्लीने हे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "हुशार बाई."

पुढे हॅनाचं मन बिघडलं, तिला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. 'द किड' आला त्याच १९२१ साली चार्लीने तिला अमेरिकेत आपल्याजवळ आणलं. आणि हा सिनेमा करायला घेतला त्याच्या थोडंच आधी, १९१९ च्या जुलैत, त्याचं स्वतःचं पहिलं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. हे कळल्यावर छपरांवरून पळणारा तो माणूस नुसता नट राहत नाही.

तिसरी गोष्ट सोबत. एकट्याची आवड पाच-दहा वर्षांत विझते. चार जणांत वाटली की टिकते. आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये आदिपूर नावाचं गाव आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं. तिथला एक तरुण टायपिस्ट १९६६ साली कामावर चालला होता. वाटेत थिएटरवर चार्लीच्या 'द गोल्ड रश'चं पोस्टर दिसलं. आत गेला तो दिवसभराचे सगळे खेळ बघून बाहेर आला. नोकरी गेली. (माझ्या घरच्यांनी मला काय केलं असतं याचा विचार मनात आलाच.) पुढे तो आयुर्वेदाचा वैद्य झाला आणि औषधाबरोबर रुग्णांना चार्लीचे सिनेमे बघायला देऊ लागला. १९७३ मध्ये त्याने 'चार्ली सर्कल' नावाचं मंडळ काढलं. तेव्हापासून १६ एप्रिलला गावात चार्लीची जयंती होते. बाप्ये, बाया, पोरं मिशी लावून, टोपी घालून मिरवणुकीत चालतात, केक कापला जातो. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी त्यावर २००८ मध्ये 'द बूट केक' नावाचा माहितीपट केला. बूट का, तर 'द गोल्ड रश'मध्ये बर्फात अडकलेला उपाशी चार्ली आपला बूट उकडून, ताटात घेऊन, शिष्टासारखा खातो. शूटिंगसाठीचा तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता.

स्वित्झर्लंडमध्ये त्याचं शेवटचं राहतं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. २०१७ च्या १६ एप्रिलला तिथे ६६२ माणसं चार्लीच्या वेशात एकत्र उभी राहिली. त्यात आजी-आजोबा होते, कडेवरची पोरं होती. आवड अशी घराण्यात उतरते. आपल्याकडेही ती वळणाने आलीच आहे. राज कपूरने 'आवारा' आणि 'श्री ४२०' मध्ये जो फाटका, भोळा, तिरक्या टोपीचा माणूस रंगवला, तो चार्लीवरूनच घेतलेला. तुमच्यापैकी कुणाची आई राज कपूरवर खूश असेल, तर ती अर्धी चार्लीची चाहती आहेच.

आता एक अवघड गोष्ट. ती सांगितली नाही तर हे बोलणं अर्धवट राहील. चार्लीची पहिली बायको लग्नात सोळा वर्षांची होती. दुसरी, लिटा ग्रे, तीही सोळाची, आणि तो पस्तिशीचा. ही लिटा बारा वर्षांची असताना 'द किड'मधल्या स्वप्नाच्या प्रसंगात देवदूत झाली होती. आपण ग्रामसभेत बालविवाहाविरुद्ध शपथ घेतो. मग या माणसावर जीव कसा लावायचा?

गटात यावर चांगलंच वाजलं. एक ताई म्हणाल्या, बंद करा तो सिनेमा. दुसरी म्हणाली, त्या काळी चालायचं. मला हे दुसरं पटत नाही. त्या काळीही लिटाच्या घटस्फोटाच्या खटल्याने अमेरिकेत गदारोळ झाला होता. माझं म्हणणं असं, की जन्मभर टिकलेले चाहते हे माहीत असूनच टिकलेले असतात. नवऱ्याचे, भावाचे दोष आपण झाकत नाही आणि नातंही रोज तोडत नाही, तसंच काहीसं. पण दोष आहे, हे मोठ्याने म्हणायचं. ज्याला तेवढंही म्हणवत नाही, त्याला मी भक्त म्हणेन, चाहता नाही.

अमेरिकेने मात्र त्याच्याशी दुसऱ्याच कारणाने फारकत घेतली. तो कम्युनिस्टांच्या बाजूचा आहे असा संशय होता. १९५२ मध्ये तो बोटीने इंग्लंडला निघाला आणि मागे त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. वीस वर्षं तो तिकडे फिरकला नाही. १९७२ मध्ये ऑस्करचा मानाचा पुरस्कार घ्यायला आला तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं आणि कित्येक मिनिटं टाळ्या थांबेनात. म्हातारा चार्ली धड बोलूही शकला नाही.

आणि ते पोरगं? 'द किड'मधला जॅकी कूगन. त्याने लहानपणी रग्गड कमावलं आणि मोठा झाल्यावर कळलं की बहुतेक पैसा आईने आणि सावत्र बापाने उडवला. तो कोर्टात गेला. त्या प्रकरणावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, की बालकलाकाराच्या कमाईचा काही वाटा त्याच्या नावे वेगळा ठेवायचा. गटात हे सांगितल्याबरोबर आमच्या सचिव ताई म्हणाल्या, "म्हणजे पोराच्या नावाचं खातं!" बचत गटाच्या बाईचं डोकं शेवटी तिकडेच जायचं.

मावशींच्या नातवाने आता तो सिनेमा त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला आहे. गेल्या बैठकीला त्या मुलाला, म्हणजे त्या फाट्यापर्यंत पळत आलेल्या मुलाला, घेऊन आल्या होत्या. तो आता पस्तिशीचा आहे, टेम्पो चालवतो. दाराशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, आई म्हणती मला बी दाखवा. तिला सांगता येत नाही काय हाय त्यात."

लावला. तो उभ्यानेच बघत होता. छपराचा प्रसंग आला तेव्हा मावशी पडद्याकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. पुढच्या महिन्यात आधी हप्ते, मग 'द गोल्ड रश'. मावशींनी आत्ताच विचारून ठेवलं आहे, बूट कोणत्या पायातला खातो, डाव्या की उजव्या.