आई-वडिलांचा कारभार हाती कधी घ्यावा?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न आठवणे वेगळे. पहिले वयोमानाने होते. दुसरे स्मृतिभ्रंशाचे, म्हणजेच डिमेन्शियाचे लक्षण असू शकते. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणत घरातील मंडळी बरेच दिवस घालवतात.

मग मुलांनी लक्ष कधी घालावे? गॅस चालू राहणे, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी दोनदा घेणे, रोजच्या वाटेवर चुकणे, पेन्शनच्या पैशांचा हिशेब न लागणे, कोणीही सांगेल तेथे सही करणे, असे प्रकार वारंवार घडू लागले तर थांबू नये. जिवाला धोका असेल तेथे ताबडतोब सूत्रे हाती घ्यावीत. पूजा, बागकाम, भाजी निवडणे अशी बिनधोक कामे मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावीत.

प्रथम डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडची कमतरता, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, झोपेची औषधे, पडल्यामुळे मेंदूभोवती साचलेले रक्त यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर जंतुसंसर्गासारखे कारण असू शकते. अशा वेळी रुग्णास लगेच रुग्णालयात न्यावे. अल्झायमरचा आजार पूर्ण बरा होत नाही, पण लवकर निदान झाल्यास पुढची व्यवस्था रुग्णाच्या संमतीने करता येते.

ही संमती फार महत्त्वाची आहे. मुखत्यारपत्र केले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावर साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपुष्टात येते. मृत्युपत्रही मन सुस्थितीत असतानाच करावे लागते. म्हणून बँकेचे संयुक्त खाते, वारसाची नोंद, कागदपत्रांची यादी ही कामे वेळीच, सर्व भावंडांच्या समक्ष उरकावीत. एकट्यानेच परस्पर केल्यास पुढे संशय वाढतो.

बोलताना ‘तुम्हाला आता काही जमत नाही’ असे म्हणू नये. ‘अण्णा, बँकेत आपण दोघे जाऊ’ असे म्हणावे. वाद घालून आठवण परत येत नाही, फक्त चिडचिड वाढते. नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असावी.

सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही विश्रांती हवी. भावंडांनी पाळी वाटून घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. माहितीसाठी तिचा उपयोग करावा.