कच्चा की दुबळा?

कर्जत तालुक्यातील एका गावी मी शिक्षक होतो, तेव्हाची ही गोष्ट. सहामाही परीक्षेनंतर एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला, 'गणितात वीक'. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शेतावरून थेट शाळेत आले.

"गुरुजी, या शब्दाचा अर्थ काय?"

"दुबळा," मी सहज म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "दुबळा? बैलजोडी एकटा हाकतो की माझा पोरगा!"

मी विचारात पडलो. मुलांनो, इंग्रजी भाषेत 'वीक' हे एकच विशेषण नाना ठिकाणी चालते. माणूस वीक, भिंत वीक, चहा वीक, सबब वीक आणि गणित न येणारा मुलगाही वीकच! मराठीत मात्र प्रत्येक ठिकाणचा शब्द निराळा आहे. तापातून उठलेला माणूस अशक्त असतो. पाया खचलेली भिंत कमकुवत असते. दुरून ऐकू येणारा आवाज क्षीण, तर तेल संपत आलेल्या दिव्याचा प्रकाश मंद असतो. पाणी अधिक झालेला चहा पाणचट आणि न पटणारी सबब लंगडी. भिंतीला 'अशक्त' किंवा चहाला 'क्षीण' म्हणून पाहा. तुम्हांलाच हसू येईल.

या शब्दांची घराणीही वेगवेगळी आहेत. 'दुबळा' हा संस्कृत 'दुर्बल' शब्दापासून झाला. 'कमजोर' व 'कमकुवत' हे फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. 'कम' म्हणजे थोडे आणि 'कुवत' म्हणजे शक्ती. 'कमकुवत' शब्द शक्ती थोडी आहे एवढेच सांगतो. 'दुबळा' म्हटले, की त्यात कीवही मिसळते. म्हणूनच आपण 'दीनदुबळा' असा जोडशब्द वापरतो. त्या वडिलांना लागले ते हेच.

मग योग्य शब्द कोणता? तो तर आपल्या रोजच्या बोलण्यातच होता: 'कच्चा'. कैरी कच्ची असते, न भाजलेली वीट कच्ची असते. पण दिवस गेले, की कैरी पिकते. आच लागली, की वीट पक्की होते. 'कच्चा' या शब्दात उणीव आहे, तशीच आशाही आहे.

मी जुना शेरा खोडून 'गणितात कच्चा' असे लिहिले. वडील हसले. म्हणाले, "मग हरकत नाही, गुरुजी. हुरड्यातला दाणाही कोवळाच असतो. त्याची ज्वारी व्हायला दिवस लागतात."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला तासभर शिकवू लागलो. वार्षिक परीक्षेत तो पहिला आला नाही. पण अपूर्णांकांना भिईनासा झाला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. अशा भूमीत वाढणाऱ्या आपण शब्द निवडून वापरावेत. भिंतीला चुकीचा शब्द लावला, तर भिंतीचे काही बिघडत नाही. माणसाला लावला, तर तो त्याच्या मनात घर करून राहतो.