शरीरशुद्धीचे रस आणि घरचे ताट

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून 'डिटॉक्स' हा एक नवा शब्द चांगलाच रुळला आहे. दिवाळीचा फराळ संपला, लग्नसराई आटोपली किंवा आमरसाची जेवणे झाली, की घरातील कोणीतरी जाहीर करते, "आता आठ दिवस माझे डिटॉक्स!" मग ताटाची जागा पेला घेतो. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, दुपारी गाजर-बिटाचा, सायंकाळी पालक-काकडीचा. शहर इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव असो, पहाटे फिरावयास जाणाऱ्या मंडळींत या रसांचे गुण गाणारा एक तरी गृहस्थ हटकून भेटतो.

या रसांनी खरोखर काही साधते काय, असा प्रश्न पालक मंडळी आम्हांस अधूनमधून विचारतात. शाळामास्तराला वैद्यकाचा अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वाचावे, जाणत्यांना विचारावे आणि ताडून पाहावे, एवढा अधिकार त्यालाही आहे. त्या अधिकाराने हे चार शब्द लिहीत आहोत.

'टॉक्सिन' म्हणजे विष आणि 'डिटॉक्स' म्हणजे विष उतरविणे. विषबाधा झालेल्या किंवा दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या रोग्यावर रुग्णालयात जे उपचार होतात, त्यांच्यासाठी हा शब्द योग्यच आहे. परंतु चकल्या आणि करंज्या खाल्लेल्या धडधाकट माणसाच्या अंगात कोणते विष साठते, याचे उत्तर कोणी देत नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधील काही तरुण शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न पंधरा 'डिटॉक्स' उत्पादनांच्या विक्रेत्यांपुढे ठेवला. नेमके कोणते विष आपले उत्पादन बाहेर काढते, हे त्यांना पुराव्यानिशी सांगता आले नाही. इतकेच नव्हे, तर 'डिटॉक्स' या शब्दाची व्याख्या करताना दोन विक्रेत्यांचेही एकमत झाले नाही.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष रक्तात भिनते आणि त्यातून सर्व रोग उद्भवतात, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बोकाळले होते. लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढण्याचा सपाटा लावला. १९१९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी या मताची छाननी केली. त्यांचा मुद्दा साधा होता. बद्धकोष्ठाने जड झालेले डोके शौचास साफ होताच क्षणात हलके होते. रक्तात विष भिनलेले असते, तर ते असे क्षणात कसे नाहीसे झाले असते? तेव्हा तो त्रास विषाचा नसून तुंबलेल्या आतड्याच्या दाबाचा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मत मागे पडले. पण व्यापाराला ते सोयीचे असल्यामुळे वेष पालटून पुन्हा पुन्हा येत राहिले.

आज जगभर चालणाऱ्या लिंबू-पाण्याच्या 'शुद्धी'चा उगम अमेरिकेतील स्टॅन्ली बरोज यांच्याकडे जातो. लिंबाचा रस, मेपल वृक्षाच्या रसाचा पाक, लाल तिखट आणि पाणी एवढ्यावरच दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ राहावे, अशी त्यांची पद्धती. तिचे पुस्तक १९७६ मध्ये निघाले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला एक चोवीस वर्षांचा तरुण त्यांच्या उपचाराखाली असताना मरण पावला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खुनाचा ठपका रद्द केला. परंतु परवान्याशिवाय वैद्यकी केल्याचा दोष कायम ठेवला. पद्धतीच्या जाहिरातीत हा इतिहास अर्थातच आढळत नाही.

आता शरीराकडे वळू. त्यात शुद्धीची व्यवस्था आहे की नाही? आहे, आणि ती अहोरात्र चालू असते. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत रक्तातील अपायकारक द्रव्यांचे रूप पालटून ती बाहेर टाकण्याजोगी करते. प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचा युरिया तेच बनविते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील उपयुक्त भाग रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर पडते. फुप्फुसे व आतडी आपापला वाटा उचलतात. ही व्यवस्था बिघडली, तर त्याला कावीळ किंवा मूत्रपिंडाचा विकार म्हणतात आणि त्यासाठी इस्पितळ गाठावे लागते. ती नीट चालत असेल, तर गाजराच्या रसाने तिला झळाळी येत नाही. ऑस्ट्रेलियातील दोघा अभ्यासकांनी २०१५ मध्ये या विषयावरील सर्व संशोधन चाळून पाहिले, तेव्हा बाजारी 'डिटॉक्स' आहाराची माणसांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाल्याचे एकही उदाहरण त्यांना सापडले नाही.

"पण आम्हाला फरक पडला," असे अनुभव घेतलेली मंडळी म्हणतात. त्यांना आम्ही खोटे ठरवीत नाही. मात्र तो फरक कशाने पडला, हे पाहिले पाहिजे. त्या आठ दिवसांत तळण, मिठाई, अवेळी खाणे आणि दहादा होणारा चहा सुटलेला असतो. पोट हलके वाटते ते या त्यागामुळे. श्रेय मात्र पेल्याला मिळते. वजनाचेही तसेच. शरीरात ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. खाणे तुटले की ही शिल्लक खर्च होते आणि पाणीही निघून जाते. तीन दिवसांत काटा दोन किलो खाली आला म्हणून आनंद होतो; पण ती बहुतांशी पाण्याची घट असते. पूर्ववत जेवण सुरू होताच ती भरून निघते.

शिवाय रस काढताना आपण फळाचे करतो काय? पेलाभर संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. चोथा टाकून दिला जातो, म्हणजे आतड्यास हितकर असा तंतुमय भाग जातो. पेल्यात उरते ते पाणी, काही जीवनसत्त्वे आणि सुमारे पाच चमचे साखर. चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारा विरळा; पेला मात्र घटकेत रिकामा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीस बसविली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही सल्ला रसापेक्षा अख्खे फळ खावे असाच आहे. त्यात प्रथिनांचा हिशेब पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. फळांच्या रसाचे सहा पेले घेतले तरी जेमतेम दहा-बारा ग्रॅम पदरी पडतात. उरलेल्याची भरपाई शरीर आपल्याच स्नायूंतून करू लागते.

येथवर केवळ निरर्थकपणाची गोष्ट झाली. काही ठिकाणी मात्र प्रश्न जिवाचा होतो. ज्या दुधीला उत्तरेकडील आपली मंडळी लौकी म्हणतात, तिचेच उदाहरण घ्या. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या वर्गातील वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य असते. एरवी ते नगण्य असते. पण एखाद्या फळात त्याचे प्रमाण वाढते आणि ते फळ विषारी होते. बाहेरून ते ओळखू येत नाही. केवळ चवीने कळते. २०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाने दुधी आणि कारले यांचा एकत्र रस घेतला. कित्येक वर्षे ते हा रस घेत होते. त्या दिवशी तो नेहमीहून कडू होता. तरी तो प्याले, आणि दगावले. त्यांच्या पत्नीही आजारी पडल्या, पण वाचल्या. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे म्हणणे प्रत्येक स्वयंपाकघरात लक्षात ठेवण्याजोगे आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, हा रस दुसऱ्या रसात मिसळू नये, कारण मग कडवटपणाचा उगम कळत नाही, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब वा अस्वस्थता वाटल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे. या विषावर खास असा उतारा नाही. 'कडू ते औषध' ही आपली जुनी समजूत येथे घातक ठरते.

दुसरा धोका मूत्रपिंडांचा. पालक व बिटाची पाने यांत ऑक्झलेट भरपूर असते. भाजी म्हणून वाटीभर खाण्यात निरोग्याला भय नाही. रोज कच्च्या पानांचा रस मोठ्या प्रमाणात घेणे ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत दहा दिवसांच्या हिरव्या रसाच्या 'शुद्धी'नंतर पासष्ट वर्षांच्या एका बाईंची मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे २०१८ मध्ये डॉक्टरांनी नोंदविले आहे. बाईंवर पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच प्रतिजैविके झाली होती, म्हणून धोका वाढला. परंतु मूत्रपिंडे तोवर ठीक होती. ज्यांचे मूत्रपिंड आधीच अधू आहे, त्यांना नारळपाणी आणि संत्र्याचा रस यांतील पोटॅशियमही बाधू शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण सोडले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. गोड रसावर राहिला, तर चढते. आपल्या घरांतील आजी-आजोबांपैकी निम्मे तरी यांपैकी कोणत्यातरी औषधावर असतात, आणि फिरावयास गेल्यावर असे सल्ले मिळतात तेही प्रायः त्यांनाच.

तरुणांची गोष्ट आणखी निराळी. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत अकरावीतील एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी घेरी येऊन पडली. थोरल्या बहिणीच्या लग्नात फोटोत बारीक दिसावे म्हणून ती चार दिवस केवळ लिंबूपाणी आणि रस यांवर होती. तिच्या आईस बोलावून घेतले, तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "सर, ती उपाशी कुठे होती? रस तर घेत होती!" त्या माउलीचा दोष नाही. मुलगी जेवली नाही, असे म्हटले असते, तर त्यांनी तिला हाताला धरून पाटावर बसविले असते. 'डिटॉक्स' या भारदस्त शब्दाने उपासमारीला आरोग्याचे नाव मिळाले आणि आईचे डोळे झाकले गेले. वाढीच्या वयातील मुलीला लोह, कॅल्शियम आणि प्रथिने यांची गरज सर्वांत अधिक असते, आणि नेमक्या त्याच वयात हे खूळ डोक्यात शिरते.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडे उपवास आहेत, आयुर्वेदात लंघन आणि पंचकर्म आहे. मग रसाला नावे का? उत्तर सरळ आहे. 'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे, ईश्वराच्या सान्निध्यात राहणे. त्याचा हेतू मनाचा संयम हा आहे. यकृत धुण्याची ग्वाही त्याने कधी दिली नाही. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या पापडांनी आपण त्या संयमाचे काय केले, हा प्रश्न निराळा! पंचकर्माविषयी कोणाचे मत काहीही असो, ते वैद्याने रोग्याचे बल, वय व प्रकृती तपासून करावयाचे असते. त्यापूर्वी स्नेहन-स्वेदन आणि नंतर पेजेपासून चढत जाणारा आहारक्रम सांगितलेला आहे. बाटलीवरील चिठ्ठी वाचून सर्वांनी एकसारखा घ्यावयाचा रस आणि ही पद्धती यांचा संबंध जोडणे हा शास्त्राचाही अवमान आहे.

मग सणासुदीनंतर जड झालेल्या पोटाने करावे तरी काय? आमच्या मते उपाय घरातच आहे. दोन दिवस मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, ताक, ज्वारीची भाकरी आणि एखादी पालेभाजी यांवर राहावे. रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. फळ चावून खावे. रस प्यावासा वाटला, तर जेवणासोबत लहान पेला घ्यावा, जेवणाऐवजी नव्हे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे आणि सायंकाळी अर्धा-पाऊण तास चालावे. कोणी नियमित औषध घेत असेल, तर आहारात मोठा फेरफार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. आणि औषध तर रसाच्या भरवशावर कदापि बंद करू नये.

आपले पूर्वज नोकरी-चाकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आले, तेव्हा त्यांनी इथल्या दाल-बाटीला आणि खमण-ढोकळ्याला आपल्या ताटात आनंदाने जागा दिली. पण वरण-भात, कोशिंबीर, ताक हा त्या ताटाचा समतोल मोडू दिला नाही. घरात कोणी आठ दिवसांचे रस सुरू करीत असेल, तर त्याला प्रथम ताटावर बोलवावे. आणि तरीही दुधीचा रस निघणारच असेल, तर एक तुकडा आधी चाखून पाहावा, एवढी आमची विनंती.