पगार नाही, तरी मुलं लॅबमध्ये का जातात?

अमेरिकेत मानसशास्त्र किंवा जीवशास्त्रात पदवी घेणारी अनेक मुलं-मुली आठवड्यातले काही तास विद्यापीठाच्या लॅबमध्ये बिनपगारी काम करतात. तिथे ऑटिझम, एडीएचडी अशा मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्थांवर संशोधन चालतं.

काम दिसायला साधंच. बाळाच्या डोक्यावर ईईजीची टोपी बसवायला मदत करायची, सोबत आलेल्या भावंडाला खेळवायचं, व्हिडिओ पाहून बाळाने आईकडे किती वेळा पाहिलं ते लिहायचं. काही व्हिडिओ दुसरा विद्यार्थीही स्वतंत्रपणे तपासतो. दोघांच्या नोंदींत फार फरक पडला, तर नियम पुन्हा समजून घ्यावे लागतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा लेख छापून आला. एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, असं त्यात सुचवलं होतं. पुढे त्यातले दावे खोटे निघाले आणि २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला. पण भीती काही गेली नाही. कित्येक आई-वडिलांनी लस टाळली आणि गोवर पुन्हा पसरला.

म्हणून एकेक नोंद महत्त्वाची. लॅबमध्ये आलेल्या मुलाची माहिती ही अमानत असते. तिचे नियम विद्यार्थ्यांना आधी शिकवतात. निदान करणं मात्र त्यांचं काम नाही. आपल्या घरातलं कुणी असं काम करत असेल, तर 'आमच्या बाळाला बघून सांग' असा आग्रह आपण धरू नये. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडेच जावं, आणि वेळ न घालवता जावं.